चिखलाचा अभ्यासक : सर्गेई विनोग्रादस्की

शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्यांची एक आवडती पद्धत असते. नायकाचे पाय पाळण्यातच दिसू लागतात. शाळेत असताना तो किडे गोळा करतो, नाही तर घरातली घड्याळे उघडून बसतो, आणि पुढचे सगळे मग ओघाने येते. सर्गेई निकोलायेविच विनोग्रादस्की यांच्याबाबत असे काही सांगण्याची सोय नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांचे काहीच ठरत नव्हते. कायद्याचा अभ्यास सुरू केला, तो सोडला. विज्ञान घेतले, तेही सोडले. पियानो शिकायला गेले, तेथूनही परत फिरले. अशा मुलाला आपल्याकडे घरचे लोक काय म्हणतात ते येथे लिहिण्याची गरज नाही. परंतु शेतातल्या मातीत, तळ्याच्या गाळात आणि समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीत सूक्ष्मजीवांचा जो व्यवहार अहोरात्र चालू असतो, त्याचा पहिला नीट उलगडा याच माणसाने केला. कलाशाखेच्या वार्षिकांकात एका जीवाणुशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. ज्यांनी आधी कायदा आणि मग संगीत करून पाहिले, त्यांना आपल्या शाखेत पाहुणे म्हणून बोलवायला हरकत नसावी.

विनोग्रादस्कींचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. घराणे सधन, जमीनजुमला मोठा, त्यामुळे पोटापाण्याची चिंता त्यांना तरुणपणी कधी करावी लागली नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण तीन वेळा वाट बदलण्याची चैन सर्वांना परवडत नाही. कीव्हच्या विद्यापीठात मन रमेना, म्हणून १८७५ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांचे गुरू होते थिओडोर लेशेटिझ्की. पुढे पादेरेव्स्कीसारखे जगद्विख्यात वादक ज्यांच्या हाताखाली तयार झाले, तेच हे लेशेटिझ्की. म्हणजे हा काही हौशी वर्ग नव्हता. तरीही सुमारे दोन वर्षांनी विनोग्रादस्कींनी तो नाद सोडला आणि १८७७ साली पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञान शाखेत नाव घातले.

या वेळी मात्र बैठक जमली. वनस्पतींच्या शरीरक्रियांचे अभ्यासक आंद्रेई फामिन्त्सिन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. १८७९ साली त्यांचा विवाह झाला, १८८१ साली पदवी मिळाली. त्यांचे पहिले संशोधन दारूवर साय धरणाऱ्या एका किण्वावर होते. काचेच्या एका लहानशा कक्षात त्यांनी ते किण्व वाढवले, त्याच्या भोवतीचे अन्न थोडे थोडे बदलत नेले, आणि तसतसा त्याचा आकार कसा बदलतो हे दिवसेंदिवस टिपून ठेवले. विषय तसा किरकोळ होता. पण एकच जीव डोळ्यांसमोर ठेवायचा, त्याचा परिसर आपण बदलायचा आणि तो काय करतो ते पाहत बसायचे, ही त्यांची रीत येथेच ठरली. ती त्यांनी जन्मभर सोडली नाही.

त्या दशकाचे वातावरण लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. फ्रान्समध्ये पाश्चर आणि जर्मनीत कॉख यांनी सूक्ष्मजंतूंचे जग नुकतेच उघडे केले होते. १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. १८८४ साली तो खुद्द कलकत्त्यात बसून कॉलऱ्याच्या जंतूचा शोध घेत होता. जंतू म्हणजे रोग, असे समीकरणच होऊन बसले. जंतू शोधायचा, जिलेटिनच्या बशीवर तो इतरांपासून वेगळा करून वाढवायचा, त्याचे रूप वर्णन करायचे आणि तो कोणता आजार देतो ते सांगायचे, असा त्या शास्त्राचा शिरस्ता होता. जे जंतू कुणालाही आजारी पाडत नाहीत, नुसते चिखलात पडून असतात, ते काय खातात आणि कशावर जगतात याची चौकशी करायला फारसे कोणी मोकळे नव्हते.

विनोग्रादस्की मोकळे होते. १८८५ साली ते स्ट्रासबर्ग येथे अँटन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. हे शहर त्या वेळी जर्मन साम्राज्यात होते, आणि डी बारी हे वनस्पतिशास्त्रातले मोठे नाव होते. विनोग्रादस्कींचे वय तेव्हा एकोणतीस. अभ्यासासाठी त्यांनी निवडला बेगिॲटोआ नावाचा जीवाणू.

गंधकाच्या झऱ्यांत, साचलेल्या डबक्यांत आणि समुद्रकाठच्या काळ्या गाळावर एक पांढुरकी, कोळ्याच्या जाळ्यासारखी साय दिसते. ती बहुधा बेगिॲटोआची असते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर लांबलचक तंतू हळूहळू सरकताना दिसतात, आणि त्यांच्या पोटात चकाकणारे बारीक कण भरलेले असतात. हे कण शुद्ध गंधकाचे आहेत हे आधीच ठाऊक झाले होते. हे तंतू जेथे असतात तेथे कुजक्या अंड्याची घाणही असते, म्हणजेच हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. तेव्हा हा वायू बेगिॲटोआच तयार करीत असावा, असे अनेक विद्वानांचे मत होते. मत तर्काला धरून होते. घाण आणि घाणीजवळचा प्राणी एकत्र सापडले की आपणही त्या प्राण्यालाच दोष देतो.

विनोग्रादस्कींनी उलटा प्रश्न विचारला. हा जीव वायू करतो, की वायूवर जगतो?

प्रयोग इतका साधा होता की त्याचे वर्णन ऐकून कुणालाही आपणही तो केला असता असे वाटावे. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात त्यांनी काही तंतू ठेवले आणि वरून पातळ काच ठेवली. भोवतीचे पाणी बदलून सल्फाइड नसलेले साधे पाणी दिले. एक-दोन दिवसांत तंतूंतले गंधकाचे कण विरघळून नाहीसे झाले आणि तंतू उपाशी पडल्यासारखे मलूल होत गेले. मग त्यांना पुन्हा सल्फाइडचे पाणी दिले. थोड्याच वेळात कण पुन्हा दिसू लागले. पाणी काढले की कण जात, दिले की परत येत. गंधक गेले कोठे हे त्यांनी रासायनिक परीक्षेने पाहिले, तर त्याचे गंधकाम्ल झाले होते. म्हणजे बेगिॲटोआ हायड्रोजन सल्फाइड घेतो, त्याचे गंधक करून पोटात साठवतो, आणि गरज पडली की तो साठा जाळून गंधकाम्ल बाहेर टाकतो. आपण भाकरी खाऊन जे मिळवतो, ते तो या विषारी वायूतून मिळवतो. सजीवाने श्वासासाठी एखादे खनिज जाळावे, ही कल्पना त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

साधा असला तरी प्रयोग सोपा नव्हता. सल्फाइड जास्त झाले तर हे तंतू मरतात, कमी झाले तर उपाशी राहतात. त्यांना प्राणवायू हवा, पण थोडासाच. त्यामुळे काचेखालचे पाणी दिवसातून कित्येक वेळा बदलावे लागे, आणि हा क्रम आठवडेच्या आठवडे चाले. पियानोसमोर बसून तासन् तास एकच फेक घोटण्याची सवय येथे उपयोगी पडली असावी, असा माझा आपला एक अंदाज आहे. त्याला पुरावा काही नाही.

प्रयोगासाठी सल्फाइडचा अखंड पुरवठा हवा होता. त्याकरता त्यांनी केलेली युक्तीही सांगण्यासारखी आहे. एका पाणवनस्पतीचे कंद, त्याला चिकटलेल्या चिखलासकट, त्यांनी खोल भांड्यात पाण्याखाली ठेवले आणि त्यात थोडी चिरोडी, म्हणजे जिप्सम, टाकली. चिरोडी म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. काही दिवसांत चिखल काळा पडून सल्फाइड सुटू लागे आणि पाठोपाठ वर बेगिॲटोआची पांढरी साय येई. पुढे याच युक्तीतून विनोग्रादस्की स्तंभ या नावाने जगभर ओळखले जाणारे साधन निघाले. उंच काचेच्या नळकांड्यात चिखल, कागदाचे तुकडे आणि चिरोडी घालून ते उजेडात ठेवून द्यायचे. तळाशी काळा थर येतो, त्यावर हिरवे आणि जांभळे पट्टे उमटतात, आणि सर्वांत वर शेवाळ धरते. प्रत्येक रंग म्हणजे वेगवेगळ्या जीवाणूंची वस्ती. आमच्या वसतिगृहातील काही जणांनी खाडीचा चिखल लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून हा प्रयोग करून पाहिला. महिना-दीड महिन्याने खिडकीच्या बाजूला जांभळा डाग उमटला, तेव्हा बरणी फेकून देण्याचा आग्रह धरणारे खोलीतले सोबतीही रोज वाकून पाहू लागले.

बेगिॲटोआवरचा त्यांचा प्रबंध १८८७ साली प्रसिद्ध झाला. यात एक गोष्ट मात्र अपुरी राहिली होती, आणि ती त्यांना स्वतःला चांगली माहीत होती. गंधक जाळून ऊर्जा मिळते हे सिद्ध झाले. पण आपले शरीर बांधायला लागणारा कर्ब हा जीव कोठून घेतो? वनस्पतीप्रमाणे हवेतल्या कर्बवायूतून, की पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय अंशातून? हे ठरवायला बेगिॲटोआ इतर जंतूंपासून संपूर्ण वेगळा करून वाढवावा लागला असता, आणि ते त्यांना साधले नाही. आपल्या झऱ्याच्या पाण्यात थोडे सेंद्रिय द्रव्य असते, तेवढ्यावर तो भागवत असावा, असे त्यांनी सावधपणे मानले. पुरावा जेथे संपला तेथे ते थांबले. तिशीतल्या, नाव व्हायची घाई असलेल्या संशोधकाला ते जड गेले नसेल असे नाही.

जानेवारी १८८८ मध्ये डी बारी वारले. विनोग्रादस्की झुरिकला गेले आणि तेथे त्यांनी नत्राचा प्रश्न हाती घेतला.

हा प्रश्न शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. शेणखत शेतात पडते, कुजते आणि त्यातल्या नत्राचा अमोनिया होतो. पुढे त्या अमोनियाचे नायट्रेट होते, आणि तेच पिके मुख्यतः शोषून घेतात. बंदुकीच्या दारूला लागणारा सोराही याच वाटेने तयार होतो. हे काम मातीतले सजीव करतात, असे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यून्ट्झ यांनी दाखवले होते. सांडपाणी त्यांनी वाळूच्या नळीतून पाझरू दिले, तेव्हा सुमारे वीस दिवसांनी अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले, आणि क्लोरोफॉर्मची वाफ दिली की क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्मने गुंगी सजीवालाच येणार. परंतु तो सजीव कोणता, हे कोणाला सापडेना. जिलेटिनच्या बशीवर मातीतले शेकडो जंतू वाढत, पण त्यांतला एकही अमोनियाचे नायट्रेट करीत नसे.

विनोग्रादस्कींच्या ध्यानात आले की चूक बशीत आहे. जिलेटिन हे सेंद्रिय खाद्य आहे. ज्या जीवाला असले खाद्य नकोच आहे, त्याच्यापुढे पंचपक्वान्ने वाढून तो ताटावर येत का नाही म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यांनी द्रावणातून सेंद्रिय पदार्थ पार काढून टाकले. काचसामान कसोशीने स्वच्छ केले, आणि अमोनियाचा क्षार, थोडी खनिजे व कर्बाम्लयुक्त खनिज भुकटी एवढ्यावरच जंतू वाढवायला घेतले. इतर जंतू उपासमारीने मागे पडले आणि हवे ते टिकले. उरलेसुरले आगंतुक ओळखण्यासाठी त्यांनी जिलेटिनचाच उपयोग केला, पण उफराटा. थेंब जिलेटिनवर ठेवायचा आणि जेथे काहीच उगवत नाही तेथूनच पुढचे बियाणे घ्यायचे. सगळे जग जेथे उगवते तेथे पाहत होते, हे जेथे उगवत नाही तेथे पाहू लागले. नंतर त्यांनी सिलिकाची, म्हणजे वाळूच्याच द्रव्याची, थलथलीत खळ करून तिच्यावर हे जीवाणू वाढवले.

१८९० सालापासून पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध झाले. काम दोन टप्प्यांत होते असे त्यांत दाखवले होते. एक जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रोसोमोनस आणि नायट्रोबॅक्टर ही नावे विनोग्रादस्कींनीच दिली. आणखी मोठी गोष्ट अशी की सेंद्रिय पदार्थ अजिबात नसलेल्या त्या द्रावणात सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढत होता. त्यांनी मोजून पाहिले, तर सुमारे ३५ भाग नत्र जाळल्यावर १ भाग कर्ब शरीरात येत होता. बेगिॲटोआने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न येथे सुटला. सूर्यप्रकाशाशिवाय, हरितद्रव्याशिवाय, अंधारात नुसत्या खनिजाच्या ज्वलनावर कर्बवायूतून शरीर बांधणारे सजीव पृथ्वीवर आहेत. हिरव्या पानावाचून जीवसृष्टीचे चालत नाही, ही तोवरची समजूत त्या दिवसापासून अपुरी ठरली.

सगळेच त्यांना बरोबर दिसले असे मात्र नाही. जांभळ्या गंधक-जीवाणूंना प्रकाश लागतो आणि ते एक प्रकारचे प्रकाशसंश्लेषण करतात, असे एंगेलमन सांगत होता. विनोग्रादस्कींनी ते मानले नाही. आपल्या बेगिॲटोआच्या साच्यात त्यांनी त्यांनाही बसवले. हा वाद १९३१ साली व्हान नीलने मिटवला, आणि दोघांच्याही म्हणण्यात अर्धे अर्धे सत्य होते असे निघाले.

त्यानंतरचा काळ मानसन्मानाचा होता. पाश्चरने त्यांना पॅरिसला बोलावले होते. पण ते मायदेशी सेंट पीटर्सबर्गला नव्याने निघालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत गेले. शरीरशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याच संस्थेत काम करीत. तेथे हवेतला नत्र बांधणारा, प्राणवायूवाचून जगणारा एक जीवाणू त्यांनी मातीतून वेगळा काढला आणि पाश्चरच्या सन्मानार्थ त्याला क्लोस्ट्रिडियम पाश्चरियानम असे नाव दिले. १९०२ साली ते संस्थेचे संचालक झाले. प्रयोगशाळेत जीव रमणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवले की जे व्हायचे तेच झाले. संशोधन मागे पडले, प्रकृतीही ढासळली. १९०५ साली त्यांनी पद सोडले आणि युक्रेनमधल्या आपल्या इस्टेटीवर ते निघून गेले. वय एकोणपन्नास. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे त्यांनी शास्त्राकडे पाठ फिरवली. शेती, जंगल, कुटुंब, यांतच ते राहिले. त्यांना ओळखणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा अध्याय संपला असेच धरले असणार.

१९१७ च्या क्रांतीने आणि नंतरच्या यादवीने ती इस्टेटही राहिली नाही. सगळे मागे ठेवून त्यांना देश सोडावा लागला. काही काळ त्यांनी बेलग्रेडला अध्यापन केले. तेथे ना ग्रंथालय धड होते, ना प्रयोगशाळा. अशा स्थितीत १९२२ साली पाश्चर संस्थेचे प्रमुख एमिल रू यांचे आमंत्रण आले. ज्या संस्थेला त्यांनी तीस वर्षांपूर्वी नकार दिला होता, तिनेच त्यांना आसरा दिला. पॅरिसपासून सुमारे तीस किलोमीटरवर ब्री-कोंत-रोबेर या गावी संस्थेची जागा होती, तेथे ते राहू लागले. सहासष्टाव्या वर्षी, माणसे नातवंडे खेळवतात त्या वयात, त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. मुलगी हेलेन त्यांना कामात मदत करीत असे.

या दुसऱ्या डावात त्यांनी जो आग्रह धरला तो मला त्यांच्या तरुणपणच्या शोधांइतकाच महत्त्वाचा वाटतो. बशीवर लाडाने वाढवलेला जंतू आणि मातीत हजारोंच्या गर्दीत राहणारा जंतू हे एकसारखे वागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. माती मातीतच पाहिली पाहिजे. एरवी अर्धपोटी, संथ जगणारे काही जीवाणू मातीत कायमचे रहिवासी असतात, आणि ताजे खाद्य पडले की एकदम उसळणारे दुसरे असतात, असा भेद त्यांनी १९२५ च्या सुमारास मांडला. १९३५ साली त्यांना लेवेनहूक पदक मिळाले. हे पदक साधारण दहा वर्षांतून एकदाच दिले जाते. महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हाही ते त्याच गावी होते. १९४९ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, मृदेतील सूक्ष्मजीवांवरचा त्यांचा संकलित ग्रंथ प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९५३ मध्ये ते वारले. त्यांचे चरित्र त्याच वर्षी सेल्मन वाक्समन यांनी लिहिले. स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवलेले हेच ते वाक्समन.

मृत्यूपाशी चरित्र संपवण्याचा प्रघात आहे. पण बेगिॲटोआचा अर्धवट राहिलेला प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो सुटला खाऱ्या दलदलीत.

कोकणात भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीला आपण खाजण म्हणतो. आपल्याकडे तेथे खारफुटीची झाडे असतात, थंड प्रदेशांत त्या जागी स्पार्टिना नावाचे गवत माजते. चिखल मात्र दोन्हीकडे तोच, काळा आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा. समुद्राच्या दर लिटर पाण्यात अडीच ग्रॅमहून अधिक सल्फेट असते. गाळात काही मिलिमीटर खाली गेले की प्राणवायू संपतो. तेथे मेलेली पाने-मुळे कुजवणारे जीवाणू प्राणवायूऐवजी हे सल्फेट वापरतात आणि सल्फाइड सोडतात. हे जीवाणू कोणते ते १८९५ साली हॉलंडमध्ये बायरिंकने दाखवले. विनोग्रादस्कींनी सल्फाइड खाणारा शोधला होता, बायरिंकने ते करणारा शोधला. दोघांच्या मध्ये गंधकाचे चक्र पुरे झाले.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर ग्रेट सिपेविसेट नावाची अशी एक दलदल आहे. वुड्स होलच्या प्रसिद्ध संशोधन संस्था तिच्यापासून जवळच आहेत. तेथे उन्हाळी अभ्यासक्रमाला येणारे तरुण संशोधक गुडघाभर चिखलात उतरून नमुने काढतात आणि त्यांचे विनोग्रादस्की स्तंभ लावतात. १९७० च्या सुमारास इव्हान व्हालिएला आणि जॉन टील यांनी या दलदलीच्या काही तुकड्यांना खत घालण्याचा प्रयोग सुरू केला. वस्तीतून येणारा नत्र दलदल किती पचवते हे त्यांना पाहायचे होते. मुळांभोवती थोडा प्राणवायू झिरपतो, तेथे नायट्रोसोमोनस आणि नायट्रोबॅक्टर यांसारखे जीवाणू मिळून अमोनियाचे नायट्रेट करतात. ते नायट्रेट खालच्या प्राणवायूहीन थरात गेले की दुसरे जीवाणू त्याचा नत्रवायू करून हवेत सोडून देतात. अशा रीतीने समुद्राकडे जाणाऱ्या नत्राचा काही भाग दलदल वाटेतच अडवते. रॉबर्ट हॉवर्थ हा तरुण संशोधक टील यांच्याबरोबर गाळातले सल्फेट मोजत होता. तेथील कुजण्याच्या कामाचा फार मोठा वाटा सल्फेट वापरणाऱ्यांच्या हातून होतो, असे त्यांनी १९७९ साली दाखवले.

या पचवण्यालाही मर्यादा आहे. त्याच किनाऱ्यावर प्लम आयलंड येथे नऊ वर्षे भरतीच्या पाण्यातून जादा पोषकद्रव्ये सोडून पाहिली. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. वरचे गवत तरारले, पण खाली मुळे कमी झाली, कुजण्याचा वेग वाढला आणि ओहोळांचे काठ तडकून कोसळू लागले. आपल्या खाड्यांत शहरांचे सांडपाणी किती जाते हे ज्याने माहीमच्या पुलावरून एकदा जरी ओहोटी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

आता बेगिॲटोआ. १९८० च्या दशकाच्या आरंभी डग्लस नेल्सन हा तरुण संशोधक वुड्स होलला होल्गर यानाश यांच्याकडे काम करीत होता. सिपेविसेटच्या चिखलातून त्याने बेगिॲटोआचा एक वाण शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा जीव बशीवर का वाढत नाही याचे कारण विनोग्रादस्कींच्या काचपट्टीनेच सुचवले होते. त्याला प्राणवायू आणि सल्फाइड दोन्ही हवेत, पण दोन्ही अगदी थोडे. म्हणून या दोघांनी परीक्षानळीच्या तळाशी सल्फाइड ठेवले, वरून हवा येऊ दिली, आणि मधल्या मऊ खळीत दोन्ही एकमेकांकडे झिरपू दिले. जेथे दोन्ही भेटतात तेथे, एक मिलिमीटरहूनही पातळ अशा पापुद्र्यात, पांढरे तंतू गोळा झाले आणि वाढले. खळीत सेंद्रिय खाद्य नव्हते. सल्फाइड जाळून आणि कर्बवायू घेऊन ते आपले शरीर बांधत होते. निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला, स्ट्रासबर्गच्या प्रबंधानंतर शहाण्णव वर्षांनी. गोड्या पाण्यातल्या बेगिॲटोआच्या कित्येक वाणांना मात्र सेंद्रिय अन्न लागते असेही दिसून आले आहे, आणि विनोग्रादस्कींच्या काचेखाली होते ते झऱ्याच्या पाण्यातले तंतू.